पेपर स्वस्त, पण खर्च कोणाचा?

सकाळच्या चहासोबत काही रुपयांत हाती येणारा पेपर खरं तर इतका स्वस्त नसतोच. कागद, छपाई आणि वार्ताहरांचे पगार यांचा मोठा भार जाहिराती उचलतात. याच जाहिराती आता मोबाइलकडे वळल्या आहेत. २०१९ मध्ये ‘डीएनए’ची मुंबईतली छापील आवृत्ती बंद झाली. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये मुंबईत काही दिवस पेपर छापलेच गेले नाहीत आणि अनेक घरांची सवय मोडली. त्याच वर्षअखेरीस ‘मुंबई मिरर’ हे दैनिक थांबलं. मोबाइलवर बातमी फुकट दिसते, पण पालिकेच्या सभेत बसून ती आणणाऱ्या वार्ताहराचा पगार कोणीतरी द्यायलाच हवा. म्हणून छापील अंक असो वा ई-पेपर, घरखर्चात एका पेपरचं बिल जरूर धरा.