घरांतील मौनाला दुभाषी हवा

जन्मतः ऐकूं न येणाऱ्या माणसास ‘मुका-बहिरा’ म्हणून निकालांत काढण्याची आपल्याकडे जुनी चाल आहे. वास्तविक तो मुका नसतो. त्याचे हात बोलत असतात. तें बोलणें समजणारें माणूस मात्र घरांत बहुधा एखादेंच असतें. प्रथम आई, आणि तिच्या पश्चात् बहीण किंवा पत्नी. तें एक माणूस गेलें कीं त्याच्याबरोबर घरांतील ती भाषाहि उठून जाते. म्हातारपणीं पुष्कळ कर्णबधिरांवर हीच आपत्ति कोसळते.

कंधारसारख्या ठिकाणीं हा प्रश्न अधिकच बिकट होतो. राष्ट्रकूटकालीन किल्ल्याचें हें प्राचीन नगर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होतें. हिंदुस्थानांतील कर्णबधिरांची पहिली शाळा १८८५ सालीं मुंबईस निघाली. पण मन्याडकांठच्या खेड्यांतील मुलास ती मुंबई परमुलुखांतली. जीं मुलें शाळेचें तोंड न पाहतां घरींच वाढलीं, त्यांनीं आपल्या माणसांच्या संगतींत स्वतःच्या खुणा तयार केल्या. शिंगांची खूण केली कीं बैल, मिशांवर बोट फिरविलें कीं थोरला भाऊ! अशा घरखुणा एका उंबरठ्याच्या आंतच चालतात. शेजारच्या वाड्यांतील कर्णबधिरासहि त्या उमगतीलच असें नाहीं.

शाळेंत गेलेल्यांचें तरी काय झालें? १८८० सालीं इटलींतील मिलान येथें भरलेल्या शिक्षकांच्या परिषदेनें हातांच्या भाषेपेक्षां ओठांच्या वाचनास व तोंडी उच्चारास श्रेष्ठ ठरविलें. त्या मताचें वजन पुढें जगभर राहिलें आणि कितीएक शाळांतून मुलांच्या खुणा दडपल्या गेल्या. त्या ठरावाबद्दल खेद व्यक्त व्हावयास २०१० सालची व्हँकुव्हरची परिषद उजाडावी लागली. तोंवर दोन-तीन पिढ्या म्हाताऱ्या होऊन गेल्या होत्या.

आतां वाटणीचा प्रसंग घ्या. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायांत जन्मबधिर व मूक यांस दायभाग नाकारला असून केवळ अन्नवस्त्राचा हक्क ठेविला आहे. १९२८ च्या कायद्यानें ही अपात्रता दूर केली. पण तो ब्रिटिश मुलुखाचा कायदा, निजामी राज्याचा नव्हे. पुढें १९५६ च्या हिंदु उत्तराधिकार कायद्याच्या २८ व्या कलमानें व्यंगामुळें कोणाचाहि वारसा बुडणार नाहीं, असें सर्वांसाठीं ठरविलें. हक्क मिळाला खरा. परंतु वाटणीपत्रावर काकांचा अंगठा घेतांना त्यांतील मजकूर त्यांस समजावून कोण देणार? पुतण्या? तो तर स्वतःच हिस्सेदार! त्याचा हेतु कितीहि निर्मळ असो, ज्याचा हिस्सा आहे त्यानेंच दुभाषी व्हावें, हें न्यायाला धरून नाहीं.

दवाखान्यांतहि तीच अडचण. सासऱ्यांच्या लघवीच्या विकाराबद्दल सुनेनें त्यांना कसें विचारावें, आणि त्यांनीं तिला कसें सांगावें? मग “वय झालें, दुसरें कांहीं नाहीं” एवढ्यावर सारें आटपतें. शस्त्रक्रियेस संमति घेतली जाते ती रोग्याची नव्हे, तर त्याच्या नातलगांची.

शिकलेला दुभाषी येथें उपयोगी पडतो. तो दोघांमधील बोलणें जसेंच्या तसें पोंचवितो. पदरचें घालीत नाहीं, कांहीं गाळीत नाहीं, आणि ऐकलेलें बाहेर नेत नाहीं. ज्यांना केवळ घरखुणा येतात, त्यांच्यासाठीं स्वतः कर्णबधिर असलेला दुसरा दुभाषी जोडीस घेतात; तो अभिनयानें, चित्रांनीं, समोरच्या वस्तूंनीं अर्थ उलगडतो. मोतीबिंदूच्या वयांत उजेड चांगला हवा आणि हात सावकाश चालले पाहिजेत. उतारवयांत ज्यांचे कान गेले, त्यांची गोष्ट वेगळी: त्यांना खुणांची भाषा ठाऊकच नसते; त्यांना श्रवणयंत्र आणि लिहून दाखविणें हेंच सोयीचें.

यासाठीं देशांत कांहींच झालें नाहीं असें नव्हे. १९८३ सालीं मुंबईस वांद्रें येथें श्रवणदोषांसाठीं राष्ट्रीय संस्था निघाली. तिला ज्यांचें नांव आहे ते अली यावर जंग हे उस्मानिया विद्यापीठाचे कुलगुरु व पुढें महाराष्ट्राचे राज्यपाल होते. म्हणजे मराठवाड्यास अगदींच परके नव्हेत. २०१५ सालीं दिल्लीस भारतीय सांकेतिक भाषेचें संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन झालें. त्याच्या कोशांत २०२१ पर्यंत १०,००० शब्द आले. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानें संभाषणाच्या साधनांत सांकेतिक भाषेचा समावेश केला. बोलूं न शकणाऱ्या साक्षीदारासाठीं न्यायालयानें दुभाषी घ्यावा आणि ती साक्ष चित्रित करावी, असें २०२३ च्या साक्ष अधिनियमाचें १२५ वें कलम सांगतें. पण २०११ च्या शिरगणतींत ज्या देशांत ५० लक्षांवर श्रवणबाधित आढळले, तेथें शिकलेले दुभाषी फारच थोडे, आणि तेहि बहुतेक मोठ्या शहरांत. दूरध्वनीच्या पडद्यावरून दुभाष्याशीं बोलतां येऊं लागलें, हा तालुक्याच्या गांवांना मोठाच आधार आहे. मात्र घरखुणांपलीकडे कांहीं न येणाऱ्या वृद्धास तो पडदा पुरा पडत नाहीं.

म्हणून आरंभ घरांतूनच झाला पाहिजे. आपल्या घरीं असे आजोबा किंवा आत्या असतील, तर त्यांच्या खुणा एकट्या वहिनींवर सोंपवूं नका. निदान तिघांनीं, त्यांतहि मुलांनीं, त्या शिकून घ्याव्या. मुलें तें हौसेनें करतील. त्या खुणांचें चित्रण करून ठेवावें, म्हणजे पुढें दुभाष्यास धागा सांपडेल. आणि कोणत्याहि कागदावर अंगठा उमटविण्यापूर्वीं, त्या मिळकतींत ज्याचा वांटा नाहीं असा दुभाषी मागावा. ज्येष्ठांस दोन वेळां पान वाढलें म्हणजे आपलें कर्तव्य संपलें, असें नाहीं. जेवतांना पंक्तींत काय बोलणें चाललें आहे, हेंहि त्यांच्यापर्यंत पोंचलें पाहिजे.