रस्त्याचा मक्ता

दिवाळीच्या साफसफाईत गाडीचा पुढचा कप्पा रिकामा केला, तेव्हा टोलच्या पावत्यांचा एक गठ्ठा हाती लागला. फास्टॅग येण्यापूर्वीच्या पावत्या, रबर लावून ठेवलेल्या. खालापूर, तळेगाव, पुन्हा खालापूर. बऱ्याच पावत्यांवरची शाई उडालेली. कागद उजेडाकडे धरला की तारीख, वेळ, वाहनाचा प्रकार आणि रक्कम एवढं अंधुक वाचता यायचं. त्या सगळ्या मी टेबलावर मांडल्या. मी किती दिले ते प्रत्येक पावती सांगत होती. ज्या खर्चापोटी दिले तो मुळात किती, त्यातला किती फिटला आणि किती उरला, हे मात्र एकाही पावतीवर नव्हतं. घराच्या कर्जाच्या हप्त्याची पावती अशी मिळाली असती, तर आपण दुसऱ्याच दिवशी बँकेत जाऊन बसलो असतो.

तो न छापलेला आकडा शोधायला निघालो आणि महाराष्ट्रातल्या रस्त्यांच्या पैशाचा बराच इतिहास समोर आला.

सरकारी भाषेत याला ‘खासगीकरणातून रस्ते विकास’ म्हणतात, किंवा ‘बांधा, वापरा आणि हस्तांतरित करा’. तिजोरीत पैसा नाही, रस्ता तर आज हवा आहे. मग कंपनी स्वतःचं भांडवल आणि बँकांचं कर्ज घालून तो बांधते, ठरलेली वर्षं टोल वसूल करते आणि मुदत संपली की रस्ता सरकारला परत देते. कल्पना चांगली आहे, आणि हे मी मनापासून म्हणतो. वीस वर्षांनी मिळणारा रस्ता पाच वर्षांत मिळाला तर त्यातून वाचणारा वेळ, डिझेल आणि जीव यांचं मोल मोठं आहे. शिवाय जो रस्ता वापरतो त्यानेच त्याचा खर्च द्यावा, यात अन्याय नाही. अडचण कराराच्या कागदावर सुरू होते.

आपल्याकडे हे नवंही नाही. 1849 मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनीशी जो करार झाला, त्यात जमीन फुकट होती आणि भांडवलावर 5 टक्के व्याजाची हमी होती. रेल्वेला तोटा झाला तर हमीचं व्याज हिंदुस्थानच्या महसुलातून जायचं. 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून ठाण्याला निघालेली गाडी आपल्याला पाठ असते. तिच्यामागचा हा करार शाळेत कुणी शिकवत नाही. खर्च कितीही झाला तरी 5 टक्के नक्की, मग काटकसर करायची कुणासाठी? सरकारने ती रेल्वे 1900 मध्ये विकत घेतली, तोवर हमीचा भार रयतेवरच होता.

त्याहून जुना शब्द आहे इजारा, मक्ता. इजारदाराने सरकारात ठरलेली रक्कम भरायची, मुलूख ठराविक मुदतीसाठी त्याच्या ताब्यात, वसुली त्याची. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात मामलती अशाच बोलीवर जाऊ लागल्या आणि रयत कशी पिळली गेली, ते एल्फिन्स्टनच्या 1819 च्या अहवालात आहे. बोलीत जिंकणाऱ्याला मुलखाच्या पुढच्या वीस वर्षांशी देणंघेणं नव्हतं, आणि दरबाराला आजची रोकड हवी होती. हे दोन धागे, हमी आणि मक्ता, पुढे पुन्हा पुन्हा दिसतील.

आता द्रुतगती मार्गाकडे येऊ. 1995 नंतरच्या युती सरकारच्या काळात मुंबई-पुणे मार्गासाठी निविदा निघाली, तेव्हा रिलायन्सने सुमारे 3,600 कोटींची बोली लावली. ती नाकारण्याचं धैर्य सरकारने दाखवलं. 1996 मध्ये महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळ स्थापन झालं, त्याने रोखे विकून पैसा उभा केला आणि सुमारे 94 किलोमीटरचा रस्ता अंदाजे 1,630 कोटींत बांधून दाखवला. 2002 मध्ये तो पूर्ण सुरू झाला. राज्याच्या सार्वजनिक बांधकामाच्या इतिहासातला हा मानाचा प्रसंग आहे.

पण 2004 मध्ये काय झालं ते पाहा. रस्ता तयार, वाहतूक सुरू, बांधकामातली जोखीम संपलेली. अशा वेळी महामंडळाने द्रुतगती मार्ग आणि जुना महामार्ग यांची टोलवसुली व देखभाल 15 वर्षांसाठी आयआरबी कंपनीला दिली आणि एकरकमी 918 कोटी घेतले. रस्ता बांधायला खासगी पैसा आणणं आणि तयार रस्त्यावरची उद्याची वसुली आज विकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या व्यवहारात कंपनी जोखीम घेते. दुसरा व्यवहार म्हणजे मक्ता. मक्ता देणं बेकायदा नाही आणि कधी कधी गरजेचंही असतं. पण त्याची किंमत ठरवायला पुढच्या 15 वर्षांत किती गाड्या धावतील याचा अंदाज लागतो. तोच अंदाज चुकला तर?

पुण्यातले माहिती अधिकार कार्यकर्ते वर्षानुवर्षं या एका प्रश्नामागे लागले होते. त्यांनी महामंडळाच्याच कागदांतून आकडे काढले. त्यांचं म्हणणं असं, की करारात 15 वर्षांत 2,869 कोटींची वसुली धरली होती आणि ती 2016 च्या अखेरीसच पूर्ण झाली. मुदत मात्र ऑगस्ट 2019 पर्यंत होती, आणि करारात तारीख लिहिलेली असल्यामुळे टोल तारखेपर्यंत चालूच राहिला. ऑगस्ट 2019 उलटला तरी थांबला नाही. 2020 मध्ये नवा करार झाला: 10 वर्षं 2 महिने, 8,262 कोटी, त्यातले 6,500 कोटी आगाऊ. दर तीन वर्षांनी 18 टक्के वाढीच्या हिशेबाने 1 एप्रिल 2023 पासून मोटारीचा टोल 270 वरून 320 रुपयांवर गेला. 918 कोटींपासून 8,262 कोटींपर्यंतची ही उडी मला महत्त्वाची वाटते. पैशाचं अवमूल्यन, टोलचे वाढलेले दर, वाढलेल्या गाड्या असं सगळं जमेस धरलं, तरी या रस्त्यात किती पैसा दडला होता ते त्यातून कळतं.

वाहतुकीचा अंदाज किती ठिसूळ असतो, याचं आणखी एक बोलकं उदाहरण शिवडी-न्हावाशेवा सागरी सेतूचं. 2008 मध्ये त्याच्या निविदेत दोन अंबानी बंधूंच्या कंपन्या समोरासमोर होत्या. एकीने टोलसाठी दहा वर्षांहूनही कमी मुदत मागितली, दुसरीने 75 वर्षं. समुद्र तोच, पूल तोच, गाड्याही त्याच. निविदा रद्द झाली. पुढे सरकारने तफावत निधी देऊ केला, म्हणजे जो पूल नुसत्या टोलवर परवडत नाही त्याची तूट भरून काढणारं अनुदान. तरीही 2013 मध्ये पात्र ठरलेल्या पाचांपैकी एकानेही बोली लावली नाही. शेवटी जपानच्या कर्जावर सरकारनेच तो बांधला. 12 जानेवारी 2024 ला 21.8 किलोमीटरचा अटल सेतू खुला झाला, खर्च 17,843 कोटींच्या घरात. खासगी पैशाची वाट पाहण्यात गेलेली वर्षं कुणाच्या खात्यावर टाकायची?

कोल्हापूरची गोष्ट मात्र सावकाश सांगायला हवी. तिथे महापालिकेच्या हद्दीतले सुमारे 50 किलोमीटर रस्ते, अंदाजे 220 कोटी, आणि टोल 30 वर्षं. शहराच्या वेशीवर नऊ नाके. ऑक्टोबर 2013 मध्ये वसुली सुरू झाली. खेड्यातून दूध घेऊन येणारा, भाजी घेऊन येणारा, दवाखान्यात पेशंट घेऊन येणारा, सगळे नाक्यावर. कोल्हापूरकरांचं म्हणणं साधं होतं: कामं अर्धवट आहेत, गटारं नीट नाहीत, आणि आमच्याच गावात यायला आम्ही पैसे का द्यायचे? महामार्गाला पर्यायी वाट असते, घराला नसते. या एका वाक्यात टोल कुठे लावावा आणि कुठे लावू नये याचं अख्खं धोरण आहे, असं मला वाटतं.

आंदोलनाच्या पुढे एन. डी. पाटील होते, ऐंशी ओलांडलेले, काठी टेकत मोर्चात चालणारे. गोविंद पानसरे होते. घराघरांतून माणसं आली; राजकीय पक्षांचे झेंडे नंतर आले. जानेवारी 2014 मध्ये नाक्यांची जाळपोळ झाली. ती समर्थनीय नव्हती, पण वर्षानुवर्षं निवेदनं देऊन थकलेल्या शहराचा राग त्यात होता. डिसेंबर 2015 मध्ये टोल रद्द झाल्याची घोषणा झाली. तो दिवस पाहायला पानसरे नव्हते. फेब्रुवारीतच त्यांची हत्या झाली होती.

विजयाचा गुलाल उधळला गेला. बिल मात्र उरलं होतं. कंपनीची भरपाई चारशे कोटींच्या वर गेली, म्हणजे मूळ खर्चाच्या जवळपास दुप्पट, आणि ती राज्याने उचलली. कोल्हापूरच्या रस्त्यांचे पैसे गडचिरोलीच्या आणि नंदुरबारच्या करदात्यानेही दिले. तीस वर्षांची सही करताना शहरातल्या लोकांसमोर करार ठेवला असता, तर ही वेळ आली नसती. हमीचा तो 1849 चा धागा इथे येऊन मिळतो: फायदा कंपनीचा, फसगत सगळ्यांची.

त्याच वर्षी, 1 जून 2015 पासून, राज्यातले 12 नाके पूर्ण बंद झाले आणि 53 नाक्यांवर मोटारी व एसटीला सूट मिळाली. 14 ऑक्टोबर 2024 च्या मध्यरात्रीपासून मुंबईच्या पाचही प्रवेशद्वारांवर हलक्या वाहनांचा टोल गेला. दोन्ही निर्णयांची वेळ निवडणुकीच्या आगेमागे होती. कुणाला सूट मिळाली की आनंद होतोच, मलाही झाला. पण टोलमाफी म्हणजे खर्चमाफी नव्हे. मुदत शिल्लक असलेल्या ठेकेदाराला भरपाई द्यावी लागते. मोटारवाल्याने वाचवलेले पैसे बसने जाणाऱ्याच्याही करातून जातात.

मेट्रोचं थोडक्यात. घाटकोपर-वर्सोवा, 11.4 किलोमीटर, करार 2007 चा, धावायला सुरुवात 8 जून 2014 ला. करारात तिकीट 9, 11 आणि 13 रुपये होतं. कंपनीने खर्च 2,356 कोटींवरून 4,321 कोटींवर गेल्याचं सांगून दर वाढवले आणि वाद कोर्टात गेला. भागीदारीतली माणसं कोर्टात भेटू लागली की प्रवासी एकटा पडतो.

या सगळ्याचा नीट विचार आपल्याच एका माणसाने केला होता. अर्थतज्ज्ञ विजय केळकर यांच्या समितीने नोव्हेंबर 2015 मध्ये अहवाल दिला. त्याचा गाभा असा, की अशा भागीदारीत जोखीम ज्याला पेलते त्याच्याच अंगावर टाकावी, सरकारने आपली जबाबदारी झटकण्यासाठी ती वापरू नये, आणि परिस्थिती बदलली तर करार बदलण्याची वाट आधीच ठरवून ठेवावी. अहवाल वाचला की वाटतं, कोल्हापूर डोळ्यांसमोर ठेवूनच लिहिला असावा.

आणि एक उपाय चिलीचा. सँटियागो-वल्पारायसो रस्ता तिथे 1998 मध्ये वेगळ्या पद्धतीने लिलावात काढला गेला. बोली वर्षांवर लावायची नाही, एकूण वसुलीवर लावायची. जो सगळ्यात कमी रक्कम मागेल त्याला काम. ती रक्कम, व्याजाचा हिशेब धरून, वसूल झाली की टोल बंद. गाड्या जास्त धावल्या तर रस्ता लवकर मोकळा, कमी धावल्या तर कंपनी बुडत नाही. अंदाज कुणाचा खरा यावर भांडण उरत नाही.

दिल्लीच्या डीएनडी उड्डाणमार्गाचा करार याच्या बरोबर उलटा होता: 20 टक्के परताव्याची हमी, आणि तो न मिळाल्यास बाकी पुढे चढत जाणार. खर्च फिटायचाच नाही अशी ती रचना होती. 2016 मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने तिथला टोल थांबवला, आणि 20 डिसेंबर 2024 ला सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला.

आपल्याकडे आता फास्टॅग आहे. 2021 पासून राष्ट्रीय महामार्गांवर तो सक्तीचा झाला आणि द्रुतगती मार्गावरही बहुतेक गाड्या त्यावरच जातात. प्रत्येक गाडीची नोंद होते, क्षणाची, प्रकाराची, रुपयाची. पूर्वी मोजणी हा वादाचा मुद्दा होता, आता तो राहिलेला नाही. आजवरची वसुली आणि उरलेली वसुली हे दोन आकडे नाक्यावरच्या फलकावर रोज रात्री बदलायला तंत्रज्ञानाची काहीही अडचण नाही.

द्रुतगती मार्गाचा चालू करार एप्रिल 2030 मध्ये संपेल. पुढच्या कराराचा मसुदा त्याच्या दोनेक वर्षं आधी तयार होईल. निविदा निघाली की मग कानामात्राही बदलत नाही. मसुद्यात मुदतीच्या रकान्यात तारखेऐवजी रक्कम लिहावी, आणि तो मराठीत छापून खोपोलीपासून लोणावळ्यापर्यंत प्रत्येक ग्रामपंचायतीच्या आणि नगरपालिकेच्या फळ्यावर लावावा, एवढी मागणी मी लेखी पाठवणार आहे. सोबत त्या उडालेल्या शाईच्या पावत्यांच्या झेरॉक्सही जोडतो आहे.