खोबणीतला हिशेब

थायरॉइडमुळे डोळे बटबटीत होऊन बाहेर आले, तर करमाळ्यात रक्ताची तपासणी होते, गोळ्याही सुरू होतात. डोळ्यामागचे हाड काढून जागा करण्याची शस्त्रक्रिया मात्र मोठ्या शहरातच होते. त्यासाठी जवळच्या जेऊरहून गाडी धरून सोलापूर किंवा पुणे गाठायचे आणि तिथे सोय नसेल तर आणखी पुढे हैदराबादला जायचे. शस्त्रक्रिया एका शहरात, थायरॉइडचे डॉक्टर दुसऱ्या शहरात आणि रोजची तक्रार ऐकणारे डॉक्टर गावात, अशी पेशंटची विभागणी होते. अशा पेशंटच्या शस्त्रक्रियेचे यश नुसत्या पट्टीने मोजणे मला अपुरे वाटते. आधीचा सीटी स्कॅन आणि गरज पडली तर त्याच पद्धतीने काढलेला नंतरचा स्कॅन, हे शेजारी ठेवल्याशिवाय काय साधले आणि काय राहिले हे कळत नाही.

एका डोळ्याच्या खोबणीत साधारण ३० मिलिलिटर जागा असते आणि त्यातली ७ मिलिलिटरच्या आसपास नेत्रगोलाने व्यापलेली असते. उरलेल्या जागेत चरबी, स्नायू, रक्तवाहिन्या आणि दृष्टीची नस दाटीवाटीने बसलेली असतात. डब्लिनच्या रॉबर्ट ग्रेव्हज यांनी १८३५ मध्ये वर्णन केलेल्या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती थायरॉइडबरोबर या चरबीवर आणि स्नायूंवरही उलटते. ते फुगतात आणि चारी बाजूंना हाड असल्यामुळे डोळा पुढेच सरकतो. बाहेरून सगळे डोळे सारखेच बटबटीत दिसतात, आतला प्रकार मात्र वेगवेगळा असतो. कुणाची चरबी वाढलेली असते, तर कुणाचे स्नायू जाड झालेले असतात, बहुधा खालचा आणि नाकाकडचा. कधी डोळा फारसा पुढे आलेलाच नसतो, वरची पापणी ओढली गेल्याने तसा भास होतो. सगळ्यात धोक्याचा प्रकार खोबणीच्या टोकाशी घडतो. तिथे जाड स्नायूंच्या गर्दीत दृष्टीची नस दाबली जाते आणि डोळा थोडाच पुढे आलेला असला तरी नजर जाऊ शकते. या चौघांना एकच शस्त्रक्रिया लागू पडत नाही. खोबणीची कुठली हाडाची भिंत काढायची, की हाडाला हातच लावायचा नाही, हे स्कॅन पाहूनच ठरते. नाकाकडची भिंत कागदासारखी पातळ असते, तिच्या पलीकडच्या सायनसमध्ये किती जागा आहे आणि मेंदूखालचे हाड किती खाली उतरले आहे, तेही आधी स्कॅनवरच दिसते.

शस्त्रक्रियेनंतर नेहमीची मोजणी हर्टेलच्या यंत्राने होते. खोबणीच्या बाहेरच्या कडेवर ते टेकवायचे आणि आरशातून बुबुळ किती मिलिमीटर पुढे आहे ते वाचायचे. यंत्र स्वस्त आहे, कुठेही नेता येते आणि त्याच हाताने, त्याच अंतरावर लावले तर उपयोगाचेही आहे. पण शस्त्रक्रियेत ती बाहेरची कडच कापली गेली, तर टेकू कशाचा घ्यायचा? स्कॅनवर निदान आतल्या, न कापलेल्या हाडाचा आधार घेता येतो. तिथेही शिस्त हवी. डोके वाकडे असेल किंवा नजर सरळ नसेल तर आकडा फसवतो. शिवाय स्कॅन झोपून काढतात आणि झोपल्यावर डोळा थोडा मागे जातो, म्हणून यंत्राचा आकडा स्कॅनच्या आकड्याशी जुळवू नये. डोळा चार मिलिमीटर मागे गेला, एवढे यंत्र सांगेल. भिंत खोबणीच्या टोकापर्यंत निघाली की मध्येच राहिली, नाकाकडचा स्नायू सायनसमध्ये ओढला गेल्यामुळे दोन-दोन दिसू लागले का, ही उत्तरे त्या आकड्यात नसतात.

पेशंट आरसा पाहतो, स्कॅन पाहत नाही, हा आक्षेप मला खरा वाटतो. पापणी मिटत नसेल, वाचताना दोन ओळी दिसत असतील, तर सुंदर स्कॅनचा काही उपयोग नाही. पण स्कॅनचे काम पेशंटच्या समाधानाची जागा घेण्याचे नाही. समाधान का झाले नाही, ते शोधण्यासाठी तो लागतो. दुसरा आक्षेप क्ष-किरणांचा. डोळ्याचे भिंग किरणांना नाजूक असते, म्हणून सरसकट प्रत्येकाचा नंतरचा स्कॅन काढावा असे मी म्हणत नाही. ज्याची नजर सुधारली नाही, ज्याला नव्याने दुहेरी दिसते किंवा ज्याच्यावर पुन्हा शस्त्रक्रिया करायची आहे, त्याचाच काढावा. सूज आणि साचलेले रक्त ओसरायला वेळ लागतो, म्हणून नजरेला तातडीचा धोका नसेल तर काही महिने थांबून काढावा. हाड पाहायला रंगद्रव्याच्या इंजेक्शनची गरज नसते. एमआरआयमध्ये किरण नसतात आणि स्नायूंची ताजी सूज त्यात चांगली दिसते, पण पातळ हाड नीट दिसत नाही. म्हणून आजार पेटलेला आहे की निवला आहे हा प्रश्न असेल तेव्हा एमआरआय आणि भिंतीचा प्रश्न असेल तेव्हा सीटी.

खर्चाचा आक्षेप करमाळ्याच्या पेशंटसाठी सगळ्यात जड आहे. त्यातला बराच खर्च जुना स्कॅन हाताशी नसल्यामुळे वाढतो, कारण दुसऱ्या शहरातला डॉक्टर नुसत्या रिपोर्टच्या कागदावर विसंबून चाकू धरणार नाही आणि पुन्हा तपासणी लिहून देईल. कागदावर चार ओळींचा निष्कर्ष असतो. प्रतिमा सीडीत असतात, त्यावर कुणालाही नव्याने रेघ आखून मोजता येते. म्हणून सुट्टी देतानाच ती सीडी, कुठल्या भिंती काढल्या त्याची लेखी नोंद आणि हर्टेलचे दोन्ही वेळचे आकडे पेशंटच्या फाइलमध्ये घालून द्यायला हवेत.