शेपटाला पाणी पोचतं तेव्हा

विकासकामातला लोकसहभाग म्हणजे बहुतेक ठिकाणी ग्रामसभेतल्या सह्या आणि श्रमदानाचे फोटो. आराखडा आधीच ठरलेला. गावाने फक्त घमेली उचलायची. नाशिक जिल्ह्यातल्या वाघाड धरणावर मात्र शेतकऱ्यांनी पाण्याचा हिशेबच हाती घेतला.

दिंडोरी तालुक्यातल्या या धरणाच्या कालव्याच्या शेपटाला ओझर. कागदावर ओझरचं रान ओलिताखाली, प्रत्यक्षात पाणी वरच्यावरच संपायचं. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला समाज परिवर्तन केंद्राचे बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या पुढाकाराने इथे तीन पाणीवापर संस्था उभ्या राहिल्या.

तोवरची रीत अशी: सात नंबरचा अर्ज भरायचा, पिकाला मंजुरी घ्यायची आणि पीक व क्षेत्र पाहून पाणीपट्टी भरायची. पाणी किती घेतलं, हे कुणी विचारत नसे. मग पाळी आली की रान तुंबेपर्यंत दारं कोण मोडणार? संस्था आल्यावर चारीच्या तोंडाशी मोजमाप सुरू झालं. पाटबंधारे खात्याने घनमापनाने पाणी द्यायचं, आकारणी तेवढ्याचीच करायची. आतलं पाळीपत्रक, पाटकऱ्याची नेमणूक, वसुली हे सगळं संस्थेचं. पीक कोणतं, हे ज्याचं त्याने ठरवायचं. वाचवलेलं पाणी आपलंच, हे एकदा पटल्यावर ठिबक आलं, द्राक्षबागा वाढल्या. ओझरकरांनी कालव्याचं पाणी नाल्यांत अडवून जिरवलं, तसं विहिरींनाही पाणी चढलं.

हे पाहून वरची गावंही पुढे आली. अखेर 24 संस्थांचा प्रकल्पस्तरीय संघ झाला आणि कालव्याचा कारभार त्याच्याकडे गेला. राज्याने 2005 मध्ये अशा संस्थांसाठी स्वतंत्र कायदा केला. त्यात संचालक मंडळावर कालव्याच्या मुखाकडचे, मधले आणि शेपटाकडचे असे सारखे प्रतिनिधी ठेवले. मुखाकडच्यांचीच सरशी होऊ नये, ही त्यामागची जाण.

तरी या संस्थांचं सभासदत्व जमिनीला बांधलेलं आहे. याउलट, 1970 च्या दशकात पुरंदरच्या नायगावात विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत सुरू केली, तिथे पाणी घरातल्या माणसांच्या संख्येवर वाटलं जाई, भूमिहीनांचाही त्यावर हक्क मानला जाई, आणि उसाला मनाई होती. शेपटाच्या शेतकऱ्याला कायद्याने खुर्ची दिली. ज्याला शेतच नाही त्याची खुर्ची अजून मांडायची आहे.