चौकशीचे चार पत्ते

तुळशीची लग्ने लागली की आपल्याकडे स्थळे पाहण्याचा हंगाम सुरू होतो. फराळाचे डबे अजून पुरते रिकामे झालेले नसतात, तोच घरातील वडीलधारी मंडळी फोन हाती घेतात आणि "अहो, ते अमुक तुमच्या ओळखीचे ना?" अशी प्रस्तावना करून चौकशीला लागतात. या चौकशीचा थाट पाहण्यासारखा असतो. मुलगा मनात भरला असेल, तर प्रश्न येतो, "निर्व्यसनी आहे ना?" मनातून नकोसा असेल, तर "काही व्यसनबिसन असेल, नाही?" असा येतो. दोन्ही प्रश्नांत उत्तर आधीच घालून ठेवलेले! संध्याकाळी सात वाजता तो कुठे असतो, हा साधा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. त्याचे उत्तर काय येईल, हे आपल्या हाती नसते ना!

माहिती मिळाली नाही म्हणून माणसे फसतात, अशी आपली समजूत असते. खरे म्हणजे माहिती पुष्कळ मिळते. तिच्यातील कोणती मागायची आणि कोणतीकडे पाठ फिरवायची, इथेच घोटाळा होतो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील मानसशास्त्रज्ञ पीटर वेसन यांनी १९६६ साली प्रसिद्ध केलेले एक कोडे या बाबतीत मोठे बोलके आहे. आपल्या लिपीत ते असे मांडता येईल.

टेबलावर चार पत्ते आहेत. प्रत्येकाच्या एका बाजूस अक्षर, दुसऱ्या बाजूस आकडा. समोर दिसतात ते 'अ', 'क', '४' आणि '७'. नियम असा सांगितला आहे की, एका बाजूस स्वर असेल, तर दुसऱ्या बाजूस सम संख्या असलीच पाहिजे. हा नियम खरा की खोटा, हे ठरवण्यासाठी नेमके कोणते पत्ते उलटावे लागतील? वाचकांनी चहाचा एक घोट घेऊन मनाशी उत्तर ठरवावे आणि मगच पुढे वाचावे.

बहुतेक माणसे 'अ' आणि '४' म्हणतात. काही नुसते 'अ'वर थांबतात. 'अ' बरोबरच आहे. पण '४'च्या पाठीमागे व्यंजन निघाले, तरी नियमाचे काय बिघडते? व्यंजनामागे सम संख्या असू नये, असे तो कुठे म्हणतो? उलटायला हवा तो '७'. त्याच्या मागे स्वर निघाला, की नियम जागच्या जागी कोसळला. वेसन यांच्यासमोर बसलेल्या विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांतही हे दोन पत्ते बिनचूक उचलणारा दहांत एखादाच निघाला. म्हणजे उत्तर चुकले असेल, तर फार मनाला लावून घेऊ नये.

आता हाच डाव आपल्या घरात मांडू. छत्तीसांपैकी अठरा गुण जुळले की संसार सुखाचा होतो, असे ऐकत आपण लहानाचे मोठे झालो. इथेही चार गठ्ठे पडतात: गुण जुळवून केलेली लग्ने, न जुळता केलेली लग्ने, सुखी संसार आणि मोडलेले संसार. आपली मावशी कोणता गठ्ठा उलटते? सुखी संसारांचा! "अमक्यांचे तीस गुण जुळले होते हो, बघा कसे दृष्ट लागण्यासारखे चालले आहे!" हा आपला '४' आकड्याचा पत्ता. मोडलेल्या संसारांकडे जाऊन "तुमचे किती गुण जुळले होते?" असे विचारणारा मात्र मला अजून भेटलेला नाही. त्यासाठी कौटुंबिक न्यायालयाच्या व्हरांड्यात उभे राहावे लागेल, आणि लग्नाच्या खरेदीतून तिकडे वाट कोण वाकडी करणार? (नियमात 'बहुधा' हा शब्द घालणाऱ्यांची सुटका नाही, त्यांना तर चारही गठ्ठे मोजावे लागतात.)

पत्रिकेची एक सरळ परीक्षा पुण्यात २००८ साली डॉ. जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घेतली होती. शंभर हुशार आणि शंभर बौद्धिक वाढ मंद असलेल्या मुलांच्या पत्रिका जमवून, त्यांतील चाळीस चाळीस त्यांनी ज्योतिषांकडे पाठवल्या. कोणती पत्रिका कोणत्या प्रकारच्या मुलाची, एवढेच सांगायचे. सत्तावीस जणांची उत्तरे आली. बरोबर उत्तरांचे प्रमाण सरासरी ४६ टक्के! नाणे उडवले असते, तरी निम्मी उत्तरे बरोबर यायला हरकत नव्हती. जमलेले तेवढे सांगायचे आणि बाकीचे विसरायचे, ही नेहमीची सोय इथे नव्हती.

मग माणसाचे डोकेच असे आहे म्हणावे, तर तसेही नाही. अमेरिकेत ग्रिग्ज आणि कॉक्स यांनी १९८२ साली तेच कोडे निराळ्या वेषात फ्लोरिडातील विद्यार्थ्यांपुढे ठेवले. बीअर पिणाऱ्याचे वय एकोणीसच्या वर हवे, असा नियम. पत्ते चार: बीअर पिणारा, कोकाकोला पिणारा, बावीस वर्षांचा आणि सोळा वर्षांचा. कोणाला तपासाल? बीअर पिणाऱ्याला आणि सोळा वर्षांच्या पोराला! चारांतील जवळजवळ तिघांनी हे अचूक सांगितले. असे का व्हावे, यावर पंडितांचे एकमत नाही. मला वाटते, नियम मोडणारा शोधायचा म्हटले, की आपल्यातला फौजदार जागा होतो. आपल्या आवडत्या समजुतींपुढे मात्र तोच फौजदार सलाम ठोकून उभा राहतो.

चार्ल्स डार्विनने यावर साधा तोडगा काढला होता. आपल्या सिद्धान्ताच्या विरुद्ध जाणारे काही वाचनात आले, की तो ते तत्काळ टिपून ठेवी. अनुकूल गोष्टींपेक्षा अशा गोष्टी मनातून लवकर निसटतात, असा त्याचा अनुभव होता. त्याने हे आत्मचरित्रात नमूद करून ठेवले आहे. एवढ्या मोठ्या बुद्धीच्या माणसालाही वही लागत होती!

वहीवरून आमच्या परिचयाचे एक गृहस्थ आठवतात. थोरल्या मुलीच्या वेळी त्यांनी पाच ठिकाणी चौकशी केली. पाचही नावे मुलाच्या काकांनी दिलेली. पाचही जणांनी एकमुखाने घराण्याची तारीफ केली. लग्न झाले आणि सहा महिन्यांत मुलीच्या पाटल्या सोनाराकडे गेल्या. घर कर्जात बुडालेले होते. त्या घराखालीच किराणा मालाचे दुकान होते, आणि वाण्याच्या वहीत त्यांची तीन वर्षांची उधारी मांडलेली होती. साखरपुड्याचा नारळ गृहस्थांनी त्याच दुकानातून घेतला होता.

यंदा धाकटीची बोलणी चालू आहेत. मुलाकडून आलेली नावांची यादी त्यांनी नीट घडी करून खिशात ठेवली आहे. गेल्या आठवड्यात ते त्या लोकांच्या गल्लीतील दुकानात नुसती काड्यापेटी घ्यायला म्हणून गेले, आणि चांगले तासाभराने परत आले.