कवळी खिशात का जाते? दातांच्या 'बाईट'विषयी थोडेसे

आपल्या संस्थेच्या कार्यक्रमात पंगत बसली की एक दृश्य हटकून दिसते. काही ज्येष्ठ मंडळी पानावर बसण्यापूर्वी तोंड वळवितात, कवळी काढून रुमालात गुंडाळतात, ती खिशात ठेवतात आणि मग वरण-भात कालवून खातात. जी वस्तू खाण्यासाठी पैसे देऊन करून घेतली, तीच नेमकी खाण्याच्या वेळी खिशात जाते. कारण विचारावे तर उत्तर ठरलेले, "डॉक्टर, माप चुकलंय."

व्यवसायाने दंतवैद्य असल्यामुळे अशा अनेक कवळ्या मी पाहिल्या आहेत. माप चुकलेले असते तसेच ते पुष्कळदा बरोबरही असते. अशा वेळी चुकलेली असते ती वरच्या व खालच्या दातांची गाठ. तोंड मिटल्यावर कोणता दात कोणत्या दाताला, कोठे आणि किती जोराने टेकतो, या व्यवस्थेला आमच्या शास्त्रात 'ऑक्लुजन' म्हणतात. दवाखान्यात सर्रास 'बाईट' हाच शब्द चालतो. कवळी असो की अलीकडे सर्वत्र बोलबाला झालेले इम्प्लान्ट असो, ते टिकणार की नाही हे बऱ्याच अंशी या बाईटवर ठरते. म्हणून त्याविषयी चार गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

प्रथम निसर्गाने काय केले आहे ते पाहू. आपला दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. दाताचे मूळ आणि हाड यांच्यामध्ये सुमारे पाव मिलिमीटर जाडीचा तंतूंचा पडदा असतो आणि दात त्यात झोळीत टांगल्यासारखा असतो. चावताना दात किंचित दबतो व पुन्हा वर येतो. या पडद्यात संवेदना नेणाऱ्या नसा असतात. म्हणूनच भाकरीत बारीकसा खडा आला तरी जबडा क्षणात थांबतो. एका जबड्यातील सर्व दातांच्या या पडद्याचे क्षेत्रफळ सुमारे ४५ चौरस सेंटिमीटर भरते. सर्व दात गेल्यावर वरच्या कवळीला टेकण्यासाठी सरासरी २३ चौरस सेंटिमीटर आणि खालच्या कवळीला तर केवळ १२ चौरस सेंटिमीटर जागा उरते. तीही हाडावरची मऊ, ओली, दाबली की दुखणारी हिरडी. खालची कवळी अधिक त्रास का देते, याचे निम्मे उत्तर या आकड्यांत आहे.

आता माझीच एक चूक सांगतो. शिकत असताना मी एका आजींना पूर्ण कवळी करून दिली. दात पांढरेशुभ्र, चेहरा भरलेला, मी स्वतःवर खूश! आठ दिवसांनी आजी आल्या व म्हणाल्या, "बाळा, दिसतंय लई झ्याक, पण बोलले की घोड्याच्या टापा वाजत्यात. आन् सगळी हिरडी ठणकती." आमच्या सरांनी कवळी तपासलीसुद्धा नाही. त्यांनी आजींच्या नाकाच्या शेंड्यावर एक व हनुवटीवर एक टिंब काढले आणि स्वस्थ बसवून दोहोंतील अंतर मोजले. मग दात मिटायला सांगून पुन्हा मोजले. दोन्ही आकडे सारखेच आले! सर एवढेच म्हणाले, "या बाईंच्या तोंडाला विश्रांती घ्यायला जागाच ठेवलेली नाही."

विद्यार्थी मित्रांनी हा प्रयोग आताच स्वतःवर करून पाहावा. ताठ बसावे, 'म' म्हणावे आणि तसेच थांबावे. ओठ मिटलेले असतात, पण दात एकमेकांना लागत नाहीत. त्यांच्यात साधारण २ ते ४ मिलिमीटर फट राहते. याच फटीत जबड्याचे स्नायू विसावतात. कवळीचे दात उंच बसविले की ही फट नाहीशी होते, स्नायू सतत ताणलेले राहतात, हिरडी दिवसभर दाबली जाते आणि बोलताना दात टकटक वाजतात. उलट उंची फार कमी ठेवली तर गाल बसतात, हनुवटी नाकाकडे सरकते, ओठांचे कोपरे चिरतात आणि चावण्यात जोर राहत नाही. बोलण्याची परीक्षा यात फार उपयोगी पडते. इंग्रजीत रुग्णाला साठच्या पुढचे आकडे म्हणायला लावतात. आपल्या मराठीतले एकसष्ट ते सहासष्ट हे आकडेही त्याला उत्तम. 'स' आणि 'ष' म्हणताना दात जवळ येतात, पण ते आपटता कामा नयेत.

उंची साधली तरी दुसरा प्रश्न राहतो. जबडा मागे-पुढे नेमका कोठे मिटतो? बरीच वर्षे दात नसलेला माणूस पुढच्या हिरड्यांनी चावायला शिकतो आणि डॉक्टरांनी "मिटा" म्हटले की जबडा पुढे काढून मिटतो. त्याच स्थितीत बाईट घेतला तर कवळी खुर्चीवर छान वाटते, पण घरी गेल्यावर जबडा आपल्या मूळ जागी मागे सरकतो आणि दातांचा मेळ बसत नाही. म्हणून आम्ही जिभेचा शेंडा टाळूवर शक्य तितका मागे न्यायला सांगतो व तसेच मिटायला लावतो. ही नोंद मेणाच्या पट्ट्यांवर घेऊन 'आर्टिक्युलेटर' नावाच्या यंत्रावर चढवितात. अमेरिकेतील बॉनविल या दंतवैद्याने एकोणिसाव्या शतकातच जबड्याच्या चार-चार इंच बाजूंच्या त्रिकोणावर असे यंत्र बेतले होते. पुढे १९२६ मध्ये हनाऊ यांनी दातांच्या मेळावर परिणाम करणाऱ्या पाच बाबी मांडल्या. त्या आजही विद्यार्थ्यांना शिकविल्या जातात. अलीकडे संगणकावर कवळी तयार होते, हेही खरे. परंतु संगणकाला बाईट द्यावा लागतो तो रुग्णाच्या तोंडातूनच.

कवळीच्या बाईटचे तत्त्व नैसर्गिक दातांपेक्षा वेगळे असते. आपले स्वतःचे दात स्वतंत्र आहेत. एका बाजूने चावले तरी दुसऱ्या बाजूचा दात उचकटत नाही. कवळीचे सर्व दात मात्र एकाच पाटावर बसलेले असतात. एक पाय आखूड असलेल्या खाटेवर बसल्यासारखे, एका टोकाला दाब पडला की दुसरे टोक उचलते. म्हणून जबडा बाजूला सरकला तरी दोन्हीकडचे दात टेकत राहतील अशी रचना करतात. पटाशीच्या दातांनी पेरू किंवा कणीस तोडायला गेल्यास कवळी मागून सुटणारच. त्यात दोष डॉक्टरांचा नाही व कवळीचाही नाही. तुकडे करून दोन्ही बाजूंच्या दाढांनी एकाच वेळी चावावे. आरंभी चमत्कारिक वाटते, पण सवय होते.

यात भर म्हणजे पाया स्वतःच झिजत असतो. १९७२ साली टालग्रेन या संशोधिकेने पंचवीस वर्षांच्या निरीक्षणांवर आधारित लेख प्रसिद्ध केला. कवळी वापरणाऱ्यांच्या खालच्या जबड्याच्या कण्याची झीज वरच्यापेक्षा सुमारे चौपट होते, असे त्यात दिसून आले. पाया झिजतो, ॲक्रिलिकचे दात घासतात, म्हणजे आज बरोबर असलेला बाईट काही वर्षांनी बरोबर राहत नाही. वीस-वीस वर्षे एकच कवळी वापरून "अजून चांगली आहे" म्हणणारे सभासद मला ठाऊक आहेत. कवळी चांगली असेलही, पण ती ज्यावर बसत होती तो जबडा आता तसा राहिलेला नाही.

आता इम्प्लान्टकडे वळू. स्वीडनमधील प्रा. ब्रॉनेमार्क यांना टायटॅनियम व हाड एकजीव होतात असे प्रयोगांत आढळले आणि १९६५ साली त्यांनी प्रथम माणसाच्या जबड्यात असे दात बसविले. ही एकजीवता हेच इम्प्लान्टचे बळ आणि बाईटच्या दृष्टीने तीच त्याची अडचण. मघाशी सांगितलेली तंतूंची झोळी येथे नसते. सरळ दाबाखाली नैसर्गिक दात सुमारे २५ ते १०० मायक्रॉन दबतो, तर इम्प्लान्ट ३ ते ५ मायक्रॉन. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. फरक किरकोळ वाटेल. पण हलके मिटल्यावर सर्व दात सारखेच टेकत असतील, तर जोराने चावल्यावर शेजारचे दात दबून खाली जातात आणि सगळा भार एकट्या इम्प्लान्टवर येतो. शिवाय त्या नसाही नसल्यामुळे टोपी थोडी उंच राहिली तर रुग्णाला ते नीट जाणवत नाही. "काही लागत नाही" हे त्याचे उत्तर येथे पुरेसे नसते.

म्हणून ८ मायक्रॉन जाडीची चंदेरी पट्टी दातांमध्ये धरून तपासतात. हलके मिटल्यावर शेजारच्या दातांत ती अडकली पाहिजे आणि इम्प्लान्टवरून निसटली पाहिजे. जोराने मिटल्यावरच ती तेथेही धरली जावी. टोपीचा माथा अरुंद ठेवावा, उंचवटे बेताचे असावेत व दाब सरळ खाली जावा. आधाराच्या पलीकडे लोंबकळता दात जोडणे शक्यतो टाळावे. हापशाचा दांडा जितका लांब, तितका जोर जास्त लागू होतो, हे आपल्याला ठाऊकच आहे. याकडे दुर्लक्ष झाले की स्क्रू सैल होतो, टोपीचा टवका उडतो, क्वचित स्क्रूच मोडतो. इम्प्लान्टभोवतीचे हाड झिजण्यास जादा दाब किती जबाबदार, याविषयी तज्ज्ञांत मतभेद आहेत. अस्वच्छतेमुळे होणारी सूज हे त्याचे मुख्य कारण आहे, म्हणजे ब्रश करणे सुटत नाहीच.

ज्यांची खालची कवळी काही केल्या टिकत नाही, त्यांना एक दिलासा आहे. खालच्या जबड्यात पुढे दोन इम्प्लान्ट बसवून त्यांवर कवळी बटणासारखी अडकविता येते. २००२ साली मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी दात नसलेल्या खालच्या जबड्यासाठी हाच पहिला पर्याय असावा असे मत दिले. पण येथेही बाईट पाठ सोडत नाही. खालचे फक्त पुढचे दात शिल्लक आणि वर पूर्ण कवळी, अशा रुग्णांत वरच्या जबड्याचे पुढचे हाड झिजून हिरडी लोंबकळू लागते, हे केली यांनी १९७२ मध्येच दाखवून दिले होते. खाली पुढे इम्प्लान्ट आल्यावर तसाच धोका संभवतो. म्हणून पुढचे दात एकमेकांवर आदळू न देता भार दाढांवर ठेवावा लागतो.

रुग्णाच्या हातात काय आहे? मेणातील ट्रायलच्या दिवशी घाई करू नये. घरातील कोणाला तरी बरोबर न्यावे, मोठ्याने बोलून पाहावे, शंका तेव्हाच सांगावी. मेणातला दात हलविता येतो, पक्क्या कवळीतला सहज हलत नाही. कवळी मिळाल्यावर टोचली तर ती घरी कानस लावून घासू नये व डबीतही टाकू नये. दुसऱ्या दिवशी दाखवावे आणि त्यापूर्वी काही तास कवळी तोंडात ठेवून जावे, म्हणजे लाल झालेली जागा डॉक्टरांना सापडते. इम्प्लान्ट असणाऱ्यांनी दुखत नसले तरी वर्षातून एकदा बाईट तपासून घ्यावा. झोपेत दात खाण्याची सवय असेल तर ती इम्प्लान्ट बसविण्यापूर्वीच सांगावी, म्हणजे रात्री वापरायची संरक्षक पट्टी करून देता येते. ही सवय पुष्कळदा स्वतःला ठाऊक नसते. शेजारी झोपणाऱ्याला विचारावे लागते.