घरकुल मंजूर झाले, पण पाया कुठे घालायचा?

घरकुलाच्या यादीत नाव लागले की घर झाले, असे आपल्या वस्त्यांमध्ये समजले जाते. खरी अडचण त्यानंतर सुरू होते. भंडारा जिल्ह्यात मंजुरी मिळूनही पाया न पडलेली कुटुंबे शोधायला लांब जावे लागत नाही. कारण विचारले तर बहुतेक वेळा एकच उत्तर मिळते : जागेचा कागद नाही.

आपण घरकुलासाठी निवेदने देतो, मोर्चे काढतो. त्या घराखालच्या जमिनीची नोंद कोणाच्या नावावर आहे, हे मात्र क्वचितच तपासतो. म्हणून हा लेख त्या कागदाविषयी आणि तो जिथे तयार होतो त्या स्थानिक कारभाराविषयी आहे.

बेघर कोणाला म्हणायचे?

जनगणनेत बेघर म्हणजे फुटपाथवर, पुलाखाली, देवळाच्या ओसरीत किंवा उघड्यावर राहणारे कुटुंब. या व्याख्येने आपल्या खेड्यांत बेघर फारसे सापडणार नाहीत. पण दोन खोल्यांत तीन भावांचे संसार, तलावाच्या पाळीलगतची झोपडी, रोवणी-कापणी आटोपली की नागपूरला बांधकामावर जाणारे आणि परतल्यावर दुसऱ्याच्या पडवीत राहणारे कुटुंब, यांना काय म्हणायचे? प्रधानमंत्री आवास योजनेत (ग्रामीण) घर नसलेल्यांबरोबर कच्च्या भिंती व कच्चे छप्पर असलेल्या एक-दोन खोल्यांत राहणारेही पात्र धरले जातात. म्हणजे ही कुटुंबे कागदोपत्री पात्र ठरू शकतात. त्यांची नोंद झाली का, एवढाच प्रश्न असतो. विभक्त झालेल्या भावांची शिधापत्रिका एकच राहिली, तर तीन संसार मिळून एकच कुटुंब मोजले जाते.

निर्णय कुठे होतो?

७३ व्या घटनादुरुस्तीने अकराव्या अनुसूचीत पंचायतींसाठी २९ विषय दिले. ग्रामीण गृहनिर्माण त्यापैकी एक आहे. ७४ व्या दुरुस्तीने झोपडपट्टी सुधारणा, शहरी गरिबी निर्मूलन आणि आर्थिक-सामाजिक विकासाचे नियोजन हे विषय शहरी संस्थांच्या यादीत घातले. त्यामुळे भंडारा, तुमसर, पवनी, साकोलीच्या नगर परिषदा आणि मोहाडी, लाखनी, लाखांदूरच्या नगर पंचायतींनाही हा विषय टाळता येत नाही.

गावात लाभार्थ्यांच्या यादीवर शिक्कामोर्तब ग्रामसभेत होते. वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात. गणपूर्तीसाठी १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी जी संख्या कमी असेल ती लागते. गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाली, तर पुढच्या सभेला गणपूर्तीची अट राहत नाही. आपली वस्ती पहिल्या सभेला गेली नाही आणि दुसऱ्या सभेची तिला खबरही नाही, की चार-दहा माणसे यादी मंजूर करून मोकळी होतात.

योजना आणि पात्रता

आपल्यासाठी दोन योजना मुख्य आहेत. प्रधानमंत्री आवास योजनेत सपाट भागासाठी १ लाख २० हजार रुपये मिळतात. राज्याने २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात त्यात ५० हजारांची वाढ जाहीर केली. या योजनेच्या राष्ट्रीय उद्दिष्टात ६० टक्के घरे अनुसूचित जाती-जमातींसाठी आहेत. दुसरी रमाई आवास योजना, खास अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबांसाठी. तिच्यात २६९ चौरस फुटांचे घर आणि महाराष्ट्रात १५ वर्षांच्या वास्तव्याची अट आहे.

"घरी मोटारसायकल आहे म्हणून नाव कापले," ही तक्रार आजही ऐकू येते. २०२४ मध्ये निकष बदलले. दुचाकी किंवा फ्रिज असणे आता अपात्रतेचे कारण नाही आणि मासिक उत्पन्नाची मर्यादा १० हजारांवरून १५ हजार झाली आहे.

सर्वेक्षणात धर्म बौद्ध लिहिला तर अनुसूचित जातीचा लाभ जातो, अशी भीतीही काही घरांत आहे. १९९० च्या दुरुस्तीपासून बौद्धांना अनुसूचित जातीचा दर्जा कायद्याने मिळालेला आहे. धर्माच्या रकान्यात बौद्ध लिहावे आणि जातीच्या दाखल्याप्रमाणे अनुसूचित जातीची नोंद न चुकता करून घ्यावी. ही नोंद राहिली, तर मात्र कुटुंब सर्वसाधारण गटात मोजले जाण्याचा धोका असतो.

मुख्य अडसर : जागा

घर बांधायला जागेचा पुरावा लागतो. गावठाणात तो साधारणपणे ग्रामपंचायतीचा नमुना ८ असतो. वस्तीतील अडचणी चार प्रकारच्या दिसतात.

पहिली, घर आजोबांच्या नावावर आणि वारसनोंद झालेलीच नाही. ही सर्वात सोपी अडचण आहे. वारसांनी अर्ज केला, भावांनी संमती दिली, की मार्ग निघतो.

दुसरी, घर सरकारी जागेवर. १ जानेवारी २०११ पूर्वीची निवासी अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय राज्याने २०१८ मध्ये घेतला. इथे जुनी घरपट्टीची पावती, वीजबिल, मतदार यादीतील नाव हेच हत्यार आहे. गायरानावरील घरांचा प्रश्न अधिक कठीण आहे, कारण त्याबाबत न्यायालयांची भूमिका कडक आहे.

तिसरी अडचण खास पूर्व विदर्भाची : झुडपी जंगल. भंडाऱ्यासह नागपूर, वर्धा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या सहा जिल्ह्यांत महसूल दप्तरात ही नोंद आहे. अशा कित्येक जमिनींवर आज घरे, शाळा, स्मशानभूमी आहेत. २२ मे २०२५ रोजी तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने ही जमीन वनजमीन मानली. मात्र १२ डिसेंबर १९९६ पूर्वी सक्षम अधिकाऱ्याने वाटप केलेल्या जमिनींसाठी राज्याने केंद्राची मंजुरी घ्यावी आणि त्यासाठी पर्यायी वनीकरणाची अट नसावी, असेही सांगितले. त्यामुळे आपल्या वस्तीची जागा कोणत्या साली, कोणाच्या आदेशाने मिळाली, हे आताच शोधून ठेवले पाहिजे.

चौथी, जागाच नाही. अशा घरकुल लाभार्थ्याला ५०० चौरस फुटांपर्यंत जागा विकत घेण्यासाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय योजनेतून मदत मिळते. तिची मर्यादा ५० हजारांवरून १ लाख झाली आहे. पण वस्तीतल्या माणसाला गावात जागा विकायला कोणी तयार होईल का, हा जातीचा प्रश्न त्या रकमेने सुटत नाही. तिथे ग्रामपंचायतीनेच जागा मिळवून द्यावी, असा ठराव मागितला पाहिजे.

कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांसाठी सत्याग्रह उभारले. आज तोच लढा नमुना ८ च्या एका ओळीसाठी लढावा लागतो.

घरकुलातून रोजगार

घरकुल मंजूर झाल्यावर रोजगार हमीतून ९० दिवसांची मजुरी लाभार्थ्यालाच मिळण्याची तरतूद आहे. २०२५-२६ चा दर दिवसाला ३१२ रुपये होता, म्हणजे २८ हजार ८० रुपये. हजेरीपत्रक वेळेवर निघाले नाही, तर या पैशाला कुटुंब मुकते. वाळूचेही तसेच. वैनगंगेच्या काठी राहून घरकुलाला वाळू मिळत नाही, कारण ती ट्रकांनी बाहेर जाते. २०२५ च्या वाळू धोरणात घरकुलासाठी पाच ब्रासपर्यंत वाळू मोफत आहे. ती मागावी, तीही लेखी.

मोठा प्रश्न मात्र उरतोच : घर झाले, कमाई कशावर? भंडाऱ्याची पितळी भांडी आणि मोहाडीचा कोसा यांची ओळख आहे, पण आपल्यातले बहुतेक धानाच्या शेतात मजूर आहेत. भूमिहीन अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबाला दादासाहेब गायकवाड सबळीकरण व स्वाभिमान योजनेतून चार एकर कोरडवाहू किंवा दोन एकर ओलिताची जमीन मिळू शकते. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातील १५ टक्के आणि जिल्हा परिषदेने सेस निधीतील २० टक्के रक्कम मागासवर्गीयांवर खर्च करणे बंधनकारक आहे. हा पैसा बहुधा सिमेंट रस्त्यात जातो. शिलाई यंत्रे, गवंडीकामाचे प्रशिक्षण, शेळीपालन यांसाठी तो मागता येतो.

युवकांनी काय करावे?

१. वस्तीतील प्रत्येक घराचा तक्ता करा : जागा कोणाच्या नावावर, जमिनीचा प्रकार कोणता, सर्वात जुना पुरावा कोणत्या सालचा.
२. घरकुलाची मंजूर यादी व प्रतीक्षा यादी ग्रामपंचायतीत पाहायला मागा. दिली नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज करा.
३. ग्रामसभेपूर्वी विहारात बैठक घ्या, महिलांना पुढे करा आणि आपला ठराव लिहूनच न्या. इतिवृत्ताची प्रत घेतल्याशिवाय ठराव झाला असे मानू नका.
४. १५ टक्के निधीचा गेल्या तीन वर्षांचा हिशेब मागा.

मे १९५४ मध्ये बाबासाहेबांनी याच भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढवली आणि त्यांचा पराभव झाला. १४ एप्रिलला आपण त्यांची मिरवणूक काढतो. त्यानंतर दोन-अडीच आठवड्यांनी, १ मे रोजी ग्रामसभा असते. यंदा मिरवणुकीतली निम्मी पोरे जरी तिथे जाऊन बसली, तरी वस्तीतल्या दहा-वीस घरांच्या जागेचा प्रश्न इतिवृत्तात येईल.